फ्युचुरिया फँटासिया: पहिला अंक, उन्हाळा १९३९

अमेरिकन विज्ञानकथालेखक रे ब्रॅडबरी हे नाव सर्वतोमुखी होण्याच्या बऱ्याच आधी, लॉस एंजेलिसमध्ये रस्त्याच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्रे विकणाऱ्या अठरा वर्षांच्या या तरुणाने ‘फ्युचुरिया फँटासिया’ नावाचे विज्ञानकथाप्रेमींचे नियतकालिक सुरू केले. त्याचे चारच अंक निघाले. पहिला अंक प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असून मी तो नुकताच दुसऱ्यांदा, सावकाश वाचला.

अंक मिमिओग्राफवर, म्हणजे आपल्याकडच्या सायक्लोस्टाईलच्या जातीच्या यंत्रावर काढलेला आहे. मेणाच्या स्टेन्सिलवर टंकलेखन यंत्राने अक्षरे ठोकायची, अक्षरांच्या जागी मेण निघाले की तेथून शाई झिरपू द्यायची आणि एकेक कागद रोळाखालून काढायचा, अशी ती पद्धत होती. प्रती शंभराच्या आतच निघाल्या आणि त्यासाठी लागणारे पैसे लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथाप्रेमींच्या मंडळातील फॉरेस्ट ॲकरमन यांनी पुरवले. मराठीतील साठच्या दशकातील अनियतकालिके ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना या खटाटोपाची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

अंकाचा भर तंत्रशाहीवर आहे. महामंदीच्या काळात अमेरिकेत हॉवर्ड स्कॉट यांच्या पुढाकाराने ही चळवळ फोफावली होती. राजकारणी आणि भांडवलदार यांच्याऐवजी अभियंत्यांनी व शास्त्रज्ञांनी देश चालवावा आणि पैशाच्या जागी ऊर्जेच्या हिशेबाने उत्पादनाचे वाटप व्हावे, असे तिचे म्हणणे होते. विज्ञानकथेने पाहिलेली सारी स्वप्ने या विचारात एकवटली आहेत, असे संपादक ब्रॅडबरी अगदी मनापासून सांगतात, आणि ब्रूस यर्के यांचा लेख तीच बाजू पुढे मांडतो. हा लेख मला कंटाळवाणा वाटला, कारण त्यात प्रचार पुष्कळ आहे आणि शंका एकही नाही.

याच अंकात ब्रॅडबरी यांनी रॉन रेनल्ड्स या टोपणनावाने लिहिलेली ‘डोन्ट गेट टेक्नेटल’ ही छोटी कथा आहे, आणि माझ्या मते अंक उघडावा तो तिच्यासाठीच. तंत्रशाहीचे राज्य, त्या काळच्या भाषेत ‘टेक्नेट’, प्रत्यक्षात आले आहे. गुन्हे संपले, दारिद्र्य संपले, आणि त्यामुळे कथेतील लेखकाला लिहायला विषयच उरलेला नाही. कथा कच्ची आहे, संवाद घाईत उरकलेले आहेत, शेवटही फारसा जमलेला नाही. तरीही संपादकीयात ज्या व्यवस्थेचे स्वागत केले, त्याच व्यवस्थेत लेखकाचा जीव गुदमरेल हे या मुलाला कथा लिहिताना जाणवले होते, आणि ते त्याने झाकून ठेवले नाही, याचे मला फार मोल वाटते. पुढे १९५३ साली ज्यांनी पुस्तके जाळणाऱ्या समाजाची ‘फॅरेनहाइट ४५१’ ही कादंबरी लिहिली, त्या ब्रॅडबरींची पहिली चाहूल मला इथे लागते.

बाकीचा मजकूर बेताचा आहे. ब्रॅडबरींची कविता भारदस्त शब्दांनी भरलेली आहे, ती एकदा वाचून पुढे जावे. मुखपृष्ठ मात्र चित्रकार हॅनेस बोक यांचे आहे. न्यूयॉर्कला जुलै १९३९ मध्ये पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, तेव्हा ब्रॅडबरी बसने तिकडे गेले, सोबत बोक यांची चित्रे घेऊन गेले आणि ती ‘वियर्ड टेल्स’ या मासिकाच्या संपादकांना दाखवली; त्याच वर्षाच्या डिसेंबर अंकावर बोक यांचे मुखपृष्ठ छापून आले.

संपूर्ण अंक तासाभरात वाचून होतो. त्यानंतर लगेच दुसरा अंकही उघडावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्यात ‘द पेंड्युलम’ ही कथा लेखकाच्या नावाविना आली आहे. तीच कथा हेन्री हॅसे यांच्यासोबत नव्याने लिहून ब्रॅडबरी यांनी व्यावसायिक मासिकाला विकली आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. लेखनाचे पैसे त्यांना प्रथम मिळाले ते तिच्याबद्दल.