किनाऱ्यावरच्या महाविद्यालयातील इंग्रजी मेजर : एका पालकाचा अभिप्राय

रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रालगतच्या एका तालुक्याच्या गावी असलेले हे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आणि अनुदानित आहे. माझ्या थोरल्या मुलीने तेथून जुन्या पद्धतीने, म्हणजे तृतीय वर्षाचे सहाही पेपर इंग्रजीचे घेऊन, बी.ए. केले; धाकटा मुलगा आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार त्याच विभागात इंग्रजी मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेऊन शिकत आहे. दोघांच्या निमित्ताने या विभागाचे काम जवळून पाहता आले. माझे मत आधीच सांगून टाकतो : विभाग वाचायला उत्तम शिकवतो, लिहायला पुरेसे शिकवत नाही, आणि पदवीनंतर कोठे जाता येते हे सांगण्यात फारच कमी पडतो. तरीही प्रवेश घ्यावा असेच मी म्हणेन, मात्र शेवटची उणीव आपली आपणच भरून काढायची आहे हे गृहीत धरून.

बारावीच्या निकालानंतर आमच्या भागात इंग्रजी घेणाऱ्या मुलांच्या घरी एक समजूत हमखास आढळते, ती म्हणजे तीन वर्षांत मुलगा फाडफाड इंग्रजी बोलू लागेल. तसे होत नाही, आणि त्यात विभागाचा दोषही नाही. हा संभाषणाचा वर्ग नसून साहित्याचा अभ्यासक्रम आहे. ब्रिटिश, अमेरिकन आणि भारतीय इंग्रजी साहित्य, समीक्षेचे सिद्धांत, थोडे भाषाशास्त्र आणि व्याकरण असा त्याचा ऐवज असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची पहिली दोन सत्रे शब्दकोश उघडण्यातच जातात. माझ्या मुलीचीही गेली. परंतु तिसऱ्या वर्षापर्यंत तिला कोणताही इंग्रजी मजकूर, मग तो न्यायालयाचा निकाल असो वा विमा कंपनीचे अटींचे पत्रक, न घाबरता शेवटपर्यंत वाचता येऊ लागला. बोलण्याचा आत्मविश्वास तिला पुढे नोकरीत आला, वर्गात नव्हे.

शिकवण्याबद्दल तक्रार करायला फारशी जागा नाही. तृतीय वर्षाला मुख्य विषयाला मोजकीच मुले असतात, त्यामुळे सर आणि मॅडम प्रत्येकाला नावानिशी ओळखतात, आणि आडगावच्या मुलीची एस.टी. चुकली तर तिची चौकशीही होते. मोठ्या शहरातल्या भरगच्च वर्गात हे मिळणे अवघड. सुनीत हा चौदा ओळींचा काव्यप्रकार शिकवताना सरांनी मुलांना मालगुंडला नेले होते. तेथे १८६६ साली जन्मलेल्या केशवसुतांनी तो प्रकार मराठीत रुजवला. इंग्रजी कवितेच्या वाचनातून मराठी कविता कशी बदलली, हे त्यांच्या स्मारकाच्या आवारात बसून ऐकल्यावर मुलीने घरी येऊन जे सांगितले, ते मला माझ्या शिक्षणात कोणी कधी सांगितले नव्हते. ग्रंथालय मात्र जुन्या जोरावर चालले आहे. मूळ पुस्तकांच्या प्रती थोड्या, त्यातही पावसाळ्यात दमटपणाने पाने चिकटलेली, आणि बाजारात मिळणाऱ्या गाइडांच्या प्रती मात्र मुबलक. गणपतीच्या आगेमागे वर्ग जवळपास रिकामे असतात आणि सत्र परीक्षा त्यानंतर लगेच अंगावर येते, हे कोकणात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

लेखनाची बाजू खरी कच्ची आहे. उत्तरे तयार स्वरूपात सांगितली जातात, मुले ती उतरवून घेतात आणि परीक्षेत तीच थोड्याफार फरकाने परत येतात. संपूर्ण पदवीच्या काळात मुलीने स्वतः विचार करून लिहिलेला आणि शिक्षकांनी लाल शाईने दुरुस्त करून परत दिलेला निबंध माझ्या पाहण्यात क्वचितच आला. इंग्रजीच्या पदवीधराकडून बाहेरचे जग सर्वप्रथम मागते ते नेमके, बिनचूक आणि मुद्देसूद लेखन. त्यामुळे ही त्रुटी किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. नव्या रचनेत अंतर्गत मूल्यमापन, प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत, तेव्हा सुधारणेला वाव आहे. धाकट्याच्या पहिल्या प्रकल्पावर मॅडमनी समासात सविस्तर शेरे लिहिलेले पाहून मला बरे वाटले, पण ती विभागाची रीत नसून एका व्यक्तीची कळकळ आहे, असे इतर पालकांशी बोलल्यावर कळले.

आता पुढील वाटांविषयी. महाविद्यालयात या संदर्भात वर्षातून एखादे व्याख्यान होते आणि त्यात स्पर्धा परीक्षांची नेहमीची यादी वाचली जाते. जे तेथे सांगितले गेले नाही, ते आम्हाला विचारत विचारत गोळा करावे लागले.

सर्वांच्या डोळ्यांसमोर असते ती शिक्षकाची नोकरी. त्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांचे बी.एड. करावे लागते, इंग्रजी माध्यमाच्या बी.एड. महाविद्यालयात जायचे तर इंग्रजीची वेगळी चाचणीही असते. त्यानंतर अनुदानित शाळांतील भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि शासनाचे शिक्षक भरतीचे ‘पवित्र’ पोर्टल, आणि आठवीपर्यंतच्या वर्गांना शिकवायचे असल्यास टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. भरती निघण्याची वाट पाहण्यात वर्षे निघून जातात, तेव्हा बी.एड. झाले म्हणजे नोकरी लागली, या भ्रमात कोणी राहू नये. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर एम.ए.ला खुल्या प्रवर्गासाठी किमान ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट, म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा. नेटमध्ये शिक्षण आणि संशोधनविषयक कल चाचणीचा पहिला पेपर १०० गुणांचा, तर विषयाचा दुसरा २०० गुणांचा असतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. ही परीक्षा उत्तीर्ण होऊनही तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबाने मिळणाऱ्या मानधनावर, वर्षानुवर्षे शिकवणारे लोक कोकणात प्रत्येक तालुक्यात भेटतात. ज्या विभागाची मी स्तुती केली, तेथेही काही वर्ग अशाच शिक्षकांच्या खांद्यावर उभे आहेत. ते जीव ओतून शिकवतात, पण त्यांच्याकडे पाहून मुलांनी तीच वाट निवडावी का, याचे उत्तर प्रत्येक घराने आपल्या आर्थिक बळाप्रमाणे द्यावे.

दुसरी वाट आमच्या भागात फारशी कोणी दाखवत नाही, आणि माझ्या मते कोकणातल्या मुलांसाठी तीच अधिक सरळ आहे : अनुवाद. येथे जमिनीचे व्यवहार मोठ्या प्रमाणावर होतात. मालक मुंबईत, पुण्यात किंवा आखातात असतो, वारस पाच ठिकाणी विखुरलेले असतात, आणि जुनी खरेदीखते, फेरफार, मृत्युपत्रे यांची इंग्रजी भाषांतरे वकिलांना, बँकांना सतत लागतात. माझी मुलगी रत्नागिरीतील एका वकिलांकडे हेच काम करते. साहित्याच्या वर्गात एकेका ओळीवर थांबून अर्थ लावण्याची जी सवय लागली ती तिला येथे कामी आली. दस्ताच्या नमुन्यांची भाषा मात्र तिला नव्याने शिकावी लागली. उच्च न्यायालयात आणि राज्य शासनाच्या भाषा संचालनालयातही अनुवादकांची पदे असतात.

केंद्र सरकारच्या कार्यालयांतील हिंदी अनुवादकाच्या पदांसाठी कर्मचारी निवड आयोग परीक्षा घेतो. इंग्रजीत एम.ए. केलेला उमेदवार तेथे पात्र ठरतो, पण पदवीला हिंदी हा अनिवार्य किंवा ऐच्छिक विषय, अथवा परीक्षेचे माध्यम, असायला हवे, आणि सोबत अनुवादाची पदविका किंवा प्रमाणपत्र, नाहीतर अनुभव लागतो. म्हणजे ज्या मुलाने मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून हिंदी घेतले, त्याला हा दरवाजा उघडा राहतो. ज्याने मित्र घेतात म्हणून दुसरेच काही घेतले, त्याला पुढे तो बंद आढळू शकतो. ही माहिती मायनर निवडतानाच मिळायला हवी, आणि विभागाने ती दिली नाही, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे.

कायद्याचे शिक्षणही या पदवीला चांगले जुळते. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला सीईटी देऊन तीन वर्षांचे एलएल.बी. करता येते, आणि रत्नागिरीतच विधी महाविद्यालय असल्याने त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत इंग्रजी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो. त्याचे दोन पेपर मिळून ५०० गुण असतात. एवढ्याच भरवशावर मात्र कोणी दिल्लीची गाडी पकडू नये. पर्यटनाचा धंदा दापोली, गुहागर, मालवणपर्यंत वाढला आहे आणि घरगुती निवासांना नीट इंग्रजीत माहिती लिहून देणारा माणूस हवा असतो, पण त्यावर पूर्ण पोट भरेल असे आज तरी दिसत नाही.

‘इंग्रजी घेऊन मराठी मुलगा काय करणार’ असे विचारणाऱ्यांना आमचे सर दोन नावे सांगतात. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले येथे जन्मलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ सुरू केले, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून. त्याच तालुक्यातील धालवलीचे विंदा करंदीकर अनेक वर्षे इंग्रजीचे प्राध्यापक होते, ॲरिस्टॉटल आणि शेक्सपिअर मराठीत आणत होते, आणि २००३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले ते मराठी कवी म्हणून. सरांचा मुद्दा मला पटतो : या पदवीचे चीज होते ते मराठी पक्की असेल तर. अनुवाद, वकिली, वार्ताहराचे काम, शाळेतले अध्यापन, यांतल्या प्रत्येक ठिकाणी दोन्ही भाषा लागतात, आणि मराठीला फुकटची समजणारी मुले नेमकी तेथेच अडतात.

धाकट्याच्या प्रवेशाच्या वेळी मी आणखी एक गोष्ट विचारली, ती इतरांनीही विचारावी. नव्या रचनेत तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ श्रेयांकांची आणि चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ श्रेयांकांची आहे. तीन वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला एम.ए. दोन वर्षांचे, तर ऑनर्स केलेल्याला एका वर्षाचे. चौथे वर्ष आमच्या महाविद्यालयात इंग्रजीसाठी चालू होणार आहे की नाही, याचे उत्तर कार्यालयात कोणाकडे नव्हते. विभागप्रमुखांनी मात्र फॉर्म भरण्यापूर्वी येऊन भेटायला सांगितले आणि मायनरच्या पर्यायांची यादी स्वतः लिहून दिली. त्या यादीत हिंदी होते, आणि मुलाने तेच घेतले आहे.