‘बर्फात टिकणारा पाम’ घेण्याआधी हे वाचा

उणे पंधरा अंशांपर्यंत टिकणारा इटालियन पाम, असं सांगून पुण्यातल्या एका विक्रेत्याने मला जी रोपं विकली, ती आपल्याकडे सोसायट्यांच्या फाटकापाशी कुंड्यांत उभी असतात त्या चायनीज फॅन पामची निघाली. दोनशे रुपयांच्या रोपाला त्याने अठराशे घेतले. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की माझ्या धाकट्या भावाने आणि वहिनीने पहाडात दगड फोडून खड्डे केले, शेणखत वाहून आणलं, पावसाळाभर ती रोपं जपली, आणि पहिल्याच हिवाळ्यात सगळी गेली. हाच माणूस आजही नाव बदलून तेच रोप विकतोय, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

भाऊ उत्तराखंडात, कुमाऊंच्या पहाडात मुक्तेश्वरला असतो. उंची बावीसशे मीटरच्या आसपास, हिवाळ्यात बर्फ ठरलेलं. पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यावर पायऱ्यांच्या कडेने पाम लावायचं त्याच्या मनात आलं. मी इथे पुण्यात इतकी वर्षं झाडांत असते, त्यामुळे “ताई, चांगली रोपं तूच बघून पाठव” हे ओघाने आलंच.

बर्फात टिकणारा पाम ही थाप नाही, असं झाड खरोखर आहे, आणि म्हणूनच ही फसवणूक खपते. ट्रॅकीकार्पस फॉर्च्यूनी हे त्याचं शास्त्रीय नाव, बागवाले त्याला विंडमिल पाम म्हणतात. रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पती-संग्राहकाने चीनमधून त्याची रोपं इंग्लंडला पाठवली, ती १८४९ च्या सुमारास लंडनजवळच्या क्यूच्या वनस्पती-बागेत आणि व्हिक्टोरिया राणीच्या ऑसबोर्न हाउसला लागली. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडच्या तिचिनो भागात तर तो जंगलात इतका माजला, की त्या देशाने सप्टेंबर २०२४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली. पूर्ण वाढलेलं, मुळं धरलेलं झाड उणे पंधरा अंशांच्या आसपास तग धरतं. विक्रेत्याने सांगितलेला आकडा हाच होता. आकडा खरा होता, पण रोप भलतंच होतं.

त्याने पटवलं कसं, ते नीट सांगते. ओळख समाजमाध्यमावरच्या जाहिरातीतून झाली. फोटोत बर्फाने झाकलेला, पंख्यासारख्या पानांचा पाम. रोपं पाहायला गेले तर शहराच्या कडेला भाड्याच्या जागेत, हिरव्या जाळीखाली, नीट मांडलेली. प्रत्येक कुंडीत छापील पट्टी, तिच्यावर शास्त्रीय नाव आणि ‘उणे १५’. बोलणं अगदी आर्जवी. “काकू, डिसेंबरभर उघड्यावर होती ही. पाषाणला आठ अंशांवर पारा गेला, एक पान वाकडं झालं नाही. मेलं तर पैसे परत.” पैसे परतचं त्याने मोबाईलवर लिहूनही दिलं.

पुण्याच्या हिवाळ्यात उघड्यावर टिकलं, ही साक्ष कसलीच साक्ष नाही. आपल्याकडे वेधशाळेच्या नोंदीतला नीचांक १.७ अंश आहे, तोही जानेवारी १९३५ मधला. म्हणजे पारा शून्याखाली गेलेलाच नाही. आठ अंशांत रॉयल पाम, अरेका, फॉक्सटेल सगळेच उभे असतात. थंडीत टिकण्याची परीक्षा शून्याच्या खाली सुरू होते, आणि ती पुण्यात घेताच येत नाही. या धंद्याचं सगळं गणित इथेच आहे. रोप उन्हाळ्यात विकायचं, ते पहाडात जाऊन पावसाळाभर छान वाढणार, घेणारा खूश होऊन चार जणांना नंबर देणार. खरं-खोटं कळणार जानेवारीत, तोवर विकणाऱ्याचे पैसे पचलेले असतात.

आमचंही तसंच झालं. पावसाळ्यात वहिनी कौतुकाने फोटो पाठवायची. डिसेंबरअखेर पहिलं बर्फ पडलं, मग रात्रीमागून रात्री पारा उतरत गेला. पानं आधी शिजवल्यासारखी काळपट हिरवी झाली, नंतर तपकिरी. पानं करपली म्हणून पाम मेला असं नसतं. त्याचा सगळा जीव मधल्या एका कोंबात असतो, फांद्या फुटून नवं झाड उभं राहत नाही, तेव्हा कोंब शाबूत आहे का एवढंच बघायचं. भावाने व्हिडिओ कॉल लावला आणि मधलं न उलगडलेलं पान दोन बोटांत धरून हलकेच वर ओढलं. ते अलगद निघून हातात आलं. खालचं टोक पिवळट तपकिरी, बुळबुळीत. “वास येतोय गं कुजका,” म्हणाला. एकेक करत सगळी रोपं तशीच निघाली.

विक्रेत्याला फोन केला तर उत्तरं तयार होती. तुम्ही पाणी जास्त घातलं. झाकलं का नाही? लहान रोपाला पहिली दोन वर्षं गोणपाट गुंडाळावंच लागतं, काकू. यातलं शेवटचं खरं आहे. अस्सल विंडमिल पामचंही कोवळं रोप मोठ्या झाडाइतकी थंडी सोसत नाही, आणि ओल्या थंडीत कोंब लवकर कुजतो. पण विकताना हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं. अर्धं खरं राखून ठेवायचं आणि अंगावर आलं की पुढे करायचं, ही त्याची रीत. पुढचं ऐकून तर मला संताप आला. म्हणाला, त्याऐवजी खास हिमालयातला ताकील पाम देतो, फक्त वरचे पैसे द्या. ट्रॅकीकार्पस ताकील हा पाम कुमाऊंतलाच, पिथौरागढजवळच्या थलकेदारच्या डोंगरातला. बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये त्याचं वर्णन केलं. रानात तो फार थोडा उरलाय, आणि ताकील म्हणून जगभर वर्षानुवर्षं विकलेलं बरंचसं बी नैनितालकडच्या लागवडीतल्या फॉर्च्यूनीचंच निघालं. जाणकारांची जिथे चूक झाली, तिथे भाड्याच्या जाळीखाली ताकील कुठून येणार?

रोप चायनीज फॅन पामचं, हे कळलं कारण त्यातलं एक मी इथे गच्चीवर ठेवून घेतलं होतं. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक परिचित घरी आले. त्यांनी पट्टीकडे पाहिलंही नाही, पानाच्या देठावरून अंगठा फिरवला आणि लगेच मागे घेतला. देठाच्या दोन्ही कडांना मागे वळलेले धारदार काटे होते. विंडमिल पामच्या देठाला बारीक, बोथट दाते असतात, हाताला जेमतेम खरखर लागते. शिवाय फॅन पामच्या पानाच्या पट्ट्या टोकाशी चिरून खाली लोंबतात. विंडमिलचं पान त्या मानाने ताठ, आणि त्याच्या खोडावर गोणपाटासारखा तपकिरी तंतूंचा दाट थर असतो. चीनमध्ये त्याच तंतूंचे दोर आणि पावसात घालायची इरली करत आले आहेत. अगदी लहान रोपांत मात्र हा फरक दिसत नाही, दोघांचीही पानं गवतासारखी साधी पट्टी असतात. म्हणून पंखा न फुटलेलं रोप नावावर विश्वासून महाग घेऊच नये. बियांची पाकिटंही विकली जातात, तिथे सोपं आहे : फॉर्च्यूनीचं बी मूत्रपिंडाच्या आकाराचं, मध्ये खाच असलेलं. लांबट गोल, गुळगुळीत बी असेल तर ते फॅन पामचं असण्याचा संभव मोठा.

चायनीज फॅन पाम झाड म्हणून उत्तमच आहे, पुण्यात जरूर लावावं. पण उणे चार-पाचच्या आसपास त्याची पानं करपतात, मुक्तेश्वरला कोवळं रोप जगणं शक्यच नव्हतं.

‘इटलीहून आलंय’ हे ऐकलंत तर कागद मागा. परदेशातून रोपं आणायची तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडच्या सरकारी खात्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोपाला कीड-रोग नसल्याचा दाखला, लागतो. मी नंतर मागितलं तेव्हा त्याने फोन उचलणं बंद केलं. बिलाचंही तसंच. माझ्या बिलावर नुसतं ‘शोभेची रोपे’ लिहिलंय. नाव आणि उणे १५ फक्त कुंडीतल्या पट्टीवर, आणि ती पट्टी कोणीही छापू शकतो. बिलावर शास्त्रीय नाव लिहून घ्या. जो लिहायला नकार देतो त्याच्याकडून घेऊ नका.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली, पण तिथून विक्रेत्याला गेलेल्या निरोपाला उत्तर नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याचा ‘पैसे परत’चा संदेश, यूपीआयची नोंद, पट्टीचे आणि देठाचे जवळून काढलेले फोटो मी जपून ठेवलेत, गच्चीवरचं रोपही.

जाहिरातीतला तो बर्फातल्या पामचा फोटो आता दुसऱ्या नावाच्या खात्यावर फिरतोय. उजव्या कोपऱ्यात लाल छपराचं घर आणि अर्धवट दिसणारं कुंपण आहे. या फोटोवरून तुम्ही हिमाचल, उत्तराखंड किंवा काश्मीरला कुणासाठी रोपं घेतली असतील तर हिवाळ्याची वाट पाहू नका, आजच देठावरून बोट फिरवा. काटे लागले तर रोप न टाकता, कुंडी आणि पट्टीसकट त्याचे फोटो काढून तक्रार करा.