गोल्डविंगच्या मागच्या चाकाला कारचा टायर: १९५/५५ आर १६ रनफ्लॅट कसा चालतो

होंडाच्या गोल्डविंग जीएल १८०० या टूरिंग मोटरसायकलला २००१ ते २०१७ या मॉडेलांत मागे १८०/६० आर १६ मापाचा (रुंदी १८० मिमी, उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १६ इंच) टायर येतो. अमेरिकेत लांबच्या पल्ल्याचे बरेच रायडर तो काढून तिथे चक्क कारचा टायर बसवतात. तिकडच्या बोलीत याला 'डार्कसाइडला जाणं' म्हणतात. सगळ्यात जास्त पसंतीचं माप १९५/५५ आर १६ आणि त्यातही रनफ्लॅट, म्हणजे बाजूची भिंत (साइडवॉल) जाड असल्याने हवा गेली तरी काही अंतर चालणारा टायर. हे माप मूळचं मिनी कूपरचं. ती कार कंपनीतूनच रनफ्लॅटवर येत असल्याने या मापात असे टायर बाजारात आले आणि गोल्डविंगवाल्यांच्या हाती लागले. मिशेलिनचा प्रायमसी अल्पिन पीए३ झेडपी हा मुळात बर्फाळ रस्त्यांसाठीचा टायर. या मंडळींत तोच सर्वाधिक ओळखीचा.

हेच माप का, ते आकडेमोडीतून लगेच कळतं. मूळ टायरचा व्यास ६२२.४ मिमी, तर १९५/५५ चा ६२०.९. फरक जेमतेम दीड मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर आणि गिअरिंग जागच्या जागी राहतं. २०५/५५ घेतला तर व्यास ६३१.९ वर जातो, रुंदीही वाढते आणि स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, बाजूला जागा उरत नाही. मिळतोय म्हणून तो घेऊ नका.

वजनाचा मुद्दा कार टायरच्या बाजूने जातो. मूळ टायरचा लोड इंडेक्स (वजन पेलण्याच्या क्षमतेचा क्रमांक) ७४, म्हणजे ३७५ किलो. कारच्या टायरचा ८७, म्हणजे ५४५ किलो. गाडीच चारशे किलोंच्या वर. त्यात दोन माणसं आणि भरलेल्या पेट्या आल्या की मागच्या चाकावर तीनशेच्या पुढे सहज जातं. मूळ टायर क्षमतेच्या काठावर काम करतो, कारचा टायर निवांत असतो. म्हणून तो कमी तापतो आणि जास्त टिकतो. मोटरसायकलचा टायर सरळ हायवेवर मधोमध झिजून चपटा होतो, कारचा मुळातच चपटा असतो. वापरणाऱ्यांच्या सांगण्यात दुप्पट ते तिप्पट आयुष्य हा आकडा पुन्हा पुन्हा येतो आणि तो पटण्यासारखा आहे. चोवीस तासांत १००० मैल, म्हणजे १६१० किमी, कापण्याच्या सॅडलसोरसारख्या राइड करणाऱ्यांना याचं आकर्षण का वाटतं, ते समजतं. नेब्रास्कातून जाणाऱ्या इंटरस्टेट ८० सारख्या सरळ रस्त्यावर या टायरला नाव ठेवायला जागा नाही. गाडी स्थिर, मागच्या ब्रेकला पकड उत्तम.

खरी परीक्षा गाडी झुकवल्यावर. मोटरसायकलच्या टायरचा माथा गोल असतो. गाडी कितीही झुकली तरी जमिनीला टेकणारा भाग हळूहळू बाजूला सरकतो. कारचा टायर झुकवला की वजन माथ्यावरून एका कडेवर येतं आणि ती कड गाडीला पुन्हा उभी करायला बघते. वळण घेताना हँडलवर दिलेला दाब शेवटपर्यंत धरून ठेवावा लागतो. सैल सोडला की गाडी वळणाबाहेर जाऊ लागते. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवरच्या टेल ऑफ द ड्रॅगनवर ११ मैलांत ३१८ वळणं आहेत. तिथेही कार टायरवाले जातात आणि सराव असलेले चांगले चालवतात. पण मनगट आणि खांदे दुप्पट राबतात, आणि समोर अचानक काही आलं तर बाजूला काढायला तो अर्धा क्षण जास्त लागतो. आमच्या मते या टायरची खरी किंमत हीच, आणि ती पावतीवर दिसत नाही.

काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधल्या लांब सांध्यावर हे नीट अनुभवता येतं. गोल टायर सांधा ओलांडतो, तेव्हा हँडलला किंचित थरथर जाणवते, बस. चपट्या टायरची एक कड सांध्याच्या वर आणि दुसरी खाली राहते. मागचा भाग हळूच त्या बाजूला ओढला जातो आणि गाडी सांध्याबरोबरच वाहत जाते. ट्रकनी पाडलेल्या चाकोऱ्या, डांबराच्या थराची कड, मधोमध उंचावलेला रस्ता, सगळीकडे हेच. पार्किंगमध्ये हँडल पूर्ण वळवून गोल फिरताना गाडी जड लागते.

पावसाबद्दल उलटसुलट मतं ऐकू येतात. कारच्या टायरची नक्षी खोल असते, पाणी वाहून नेते, हे खरं. पण गोल टायर होडीच्या नाळेसारखा पाणी चिरतो. चपट्या टायरला ती सोय नाही, त्याची सगळी भिस्त नक्षीवर. नक्षी झिजू लागली की साचलेल्या पाण्यात वेग कमी ठेवायलाच हवा.

आता रिम. चाकावर १६ एमटी ५.०० असं कोरलेलं असतं. एमटी म्हणजे मोटरसायकलच्या रिमचा आकार. कारच्या रिमवर इंग्रजी 'J' हे अक्षर असतं. टायरची बीड, म्हणजे रिमला घट्ट धरणारी तारेची कड, जिथे बसते, तिथली घडण दोन्हींत वेगळी. शिवाय १९५/५५ ला मान्य रिमरुंदी साडेपाच ते सात इंच, आणि इथे ती पाचच आहे. रिम अर्धा इंच अरुंद झाली की टायरची रुंदी सुमारे पाच मिमीने घटते, म्हणून प्रत्यक्षात टायर आवळला जातो आणि माथा थोडा गोलसर होतो. झुकायला त्याची मदतच होते. पण या जोडीची चाचणी ना टायर कंपनीने घेतली आहे, ना होंडाने. दोघांचंही सांगणं एकच: कारचा टायर मोटरसायकलला लावू नका. अमेरिकेतली अनेक दुकानं त्यामुळे हात लावत नाहीत. अपघातानंतर विमा कंपनीला अडवायला हे कारण पुरेसं ठरू शकतं. ही जोखीम समजूनच पुढे जावं.

ज्यांना बसवायचाच आहे त्यांनी रनफ्लॅटच घ्यावा. जाड साइडवॉल अरुंद रिमवर वळणात कमी दुमडते. पंक्चर झाल्यावर ८० च्या वेगाने ८० किमी हा दावा कारसाठीचा आहे, दोन चाकांवर तो धरून चालू नये. आत-बाहेर अशी वेगळी नक्षी असलेला टायर टाळा. दोन्ही बाजूंना सारखी नक्षी हवी, कारण इथे दोन्ही कडांवर सारखंच काम पडतं.

बसवताना मेहनत साइडवॉलशीच करावी लागते. टॉमीने, म्हणजे टायर चढवायच्या पहारीने, जोर लावण्याआधी टायर तासभर उन्हात ठेवा, बीडला आणि रिमच्या कडेला टायरचं साबण सढळ हाताने लावा, समोरची बीड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरा. हवेचा प्रेशर सेन्सर असेल तर टॉमी त्याच्यापासून लांब. हवा भरताना बीड दोन टप्प्यांत 'टप्' आवाज करून बसते. ४० पीएसआयपर्यंत बसली नाही तर पुढे भरू नका. हवा सोडा, पुन्हा साबण लावा, टायर थोडा फिरवून पुन्हा भरा. हट्टाने साठ-सत्तरपर्यंत नेल्यावर बीडची तार तुटली तर टायर स्फोटासारखा उडतो. बसल्यावर रिमलगतची बारीक रेघ बघा. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेलेली दिसली तर बीड पूर्ण बसलेली नाही.

गोल्डविंगचा स्विंगआर्म एकाच बाजूचा असल्याने चाक कारसारखं पाच नटांवर येतं. नट आडवे-तिडवे, १०८ न्यूटन-मीटरला. मग चाक हाताने फिरवून स्विंगआर्मपाशी सगळीकडे जागा आहे का ते पाहा.

हवा ठरवायला साधी रीत आहे. थंड टायरमध्ये ३६ पीएसआय भरा, नेहमीच्या ओझ्यासह पाऊण तास हायवेवर चालवा आणि थांबल्याबरोबर मोजा. चारपेक्षा जास्त वाढ म्हणजे हवा कमी होती, टायर जास्त दुमडतोय. दोनपेक्षा कमी म्हणजे जास्त भरली. रनफ्लॅटची साइडवॉल कडक असल्याने हवा कमी झालेली डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गेज रोज लावा. मागचं प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगवरचा आधीचा दाब) नेहमीपेक्षा थोडं वाढवलं की मागचा भाग उचलला जातो आणि झुकवणं हलकं होतं. पहिले दीडशे किमी सांभाळून, आणि प्रवासाला निघण्याआधी मोकळ्या मैदानात आठचा आकडा आणि झटकन बाजूला काढण्याचा सराव.

साइडकार किंवा तीनचाकी ट्राइक असेल तर प्रश्नच वेगळा. ती वाहनं झुकत नाहीत, कारचा टायर तिथे योग्यच.

आपल्याकडे हे माप बलेनो आणि आय२० ला येतं, त्यामुळे कुठल्याही टायरवाल्याकडे सहज दिसेल. पण ते साधे टायर, रनफ्लॅट नाहीत. शिवाय भारतात मिळणाऱ्या नव्या गोल्डविंगला मागे २००/५५ आर १६ येतो, वरचा हिशेब तिला लागू नाही. आंबोली, ताम्हिणी, वरंधा अशा रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीला मोटरसायकलचाच टायर हवा, असं आमचं ठाम मत आहे. ओला घाट, उखडलेली कड आणि समोरून आत घुसणारी एसटी, यात तो अर्धा क्षण परवडत नाही.

ज्यांच्या गाडीवर तो आधीच चढला आहे त्यांनी झीज मधोमध मोजू नये. मध्ये चार मिमी नक्षी शिल्लक असतानाही कडेचे ठोकळे सपाट झालेले असतात, आणि वळणात गाडी त्या कडेवरच उभी असते. कडेची झिजेची खूण १.६ मिमीला आली की टायर उतरवा, मध्ये कितीही उरलेला असो.