पॅडलव्हील स्पीड सेन्सर: मुंबईच्या पाण्यात एक हंगाम वापरल्यावर

आधी निकाल सांगतो. पॅडलव्हील सेन्सर म्हणजे होडीच्या मागे पाण्यात राहणारं पात्यांचं छोटं चाक; त्याच्या फिरण्यावरून होडीचा वेग कळतो. सेन्सर चांगला आहे, पण एकदा बसवून विसरून जायची वस्तू नाही. बसवायला दोन तास पुरतात, पुढे दर आठवड्याला दहा मिनिटं त्याला द्यावी लागतात. ती देणार नसाल तर पैसे घालू नका, जीपीएसवर भागवा.

होडी १९ फुटी, फायबरची, ६० एचपीचं आउटबोर्ड. वावर वर्सोवा ते वरळी, अधूनमधून कुलाब्याला वळसा घालून मांडवा. ऑगस्टअखेर बसवला, मेअखेर काढला.

जीपीएस असताना हे चाक कशाला, हा प्रश्न सगळेच विचारतात. जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग सांगतो, चाक पाण्याच्या हिशेबाने. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो आणि तेवढं पाणी सहा तासांत खाडीच्या तोंडातून आत किंवा बाहेर जातं. चाक ८ नॉट (ताशी सागरी मैल) आणि जीपीएस ६ दाखवतोय म्हणजे २ नॉटचं पाणी समोरून येतंय. होडी मंद का चाललीय, हे एकट्या जीपीएसवरून कळत नाही. आरपीएम नेहमीचा आणि चाकाचाही आकडा खाली आला, तर तळाला शेवाळ धरलंय. (आधी चाकच साफ आहे ना, ते बघा.)

जागा निवडण्यात निम्मं काम आहे. ट्रान्समवर, म्हणजे इंजिन टांगतो त्या मागच्या फळीवर, नाळेकडे तोंड करून उजव्या बाजूला बसवा. प्रोपेलर नेहमीचा, घड्याळाच्या दिशेने फिरणारा असेल तर त्या बाजूला पाती खाली जातात आणि पाण्यात फेस कमी असतो. इंजिन पूर्ण वळवल्यावर प्रोपेलर जिथवर येतो, त्याच्या पलीकडे किमान ७५ मिमी जागा सोडा. समोर तळाची पट्टी किंवा पाणी ओढायचं भोक येऊ देऊ नका. त्यांच्या मागे बुडबुडे सुटतात आणि बुडबुड्यांत चाक नुसतं अडखळतं. ट्रेलरचा रोलर कुठे लागतो तेही आधीच बघून घ्या. सेन्सरचा खालचा भाग तळाच्या रेषेखाली साधारण ३ मिमी हवा. त्याहून खाली गेला तर मागे फवारा उडतो, वर राहिला तर वेग वाढला की आकडा पडतो.

सोबत आलेल्या १० नंबरच्या स्क्रूंना ४ मिमीचं ड्रिल चाललं. ड्रिलला टेप गुंडाळून खोली ठरवा, फळी आरपार जायला नको. भोकाचं तोंड काउंटरसिंकने जरा रुंद केलं नाही तर स्क्रू आवळताना जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराला, तडे जातात. सीलंट पॉलियुरेथेनचा, मरीनचाच घ्या. व्हिनेगरसारखा वास मारणारा बाथरूमचा सिलिकॉन इथे नको. पॉलियुरेथेनचा सीलंट भोकातही भरा आणि स्क्रूलाही लावा, कारण बऱ्याच ट्रान्समच्या पोटात प्लायवूड असतं आणि एका गळक्या स्क्रूने ते कुजायला लागतं. जादा स्क्रू नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात मिळतात, पण ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच मागा. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ यांतला फरक कळत नाही, तेव्हा दुकानदाराने चुंबक दाखवला म्हणून खूश होऊ नका. ब्रॅकेटच्या लांब खाचांतले दोन स्क्रू आधी, तिसरा मात्र पाण्यात चाचणी घेऊन उंची पक्की झाल्यावरच.

केबल कापू नका. उरलेली सैल आठच्या आकड्यात बांधा आणि व्हीएचएफ रेडिओच्या व इंजिनच्या वायरींपासून लांब ठेवा.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे चाकाचा आकडा खऱ्या वेगाशी जुळवणं. एकाच आरपीएमला एकदा पाण्याबरोबर, एकदा पाण्याविरुद्ध जाऊन जीपीएसचा वेग बघायचा. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. जाऊन-येऊन एकूण अंतर भागिले एकूण वेळ करू नका, दोन्ही वेगांची सरासरी घ्या. पाणी २ नॉटचं आणि होडीचा खरा वेग १० असेल तर जीपीएसवर एकदा १२, एकदा ८ दिसेल, सरासरी १०. तेच एक-एक सागरी मैल जाऊन-येऊन साडेबारा मिनिटांवरून काढाल तर ९.६ येईल, म्हणजे चूक. भांगाच्या दिवशी (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा), भरती थांबून ओहोटी लागायच्या आधी करा. खरा वेग १० आणि चाक ८.८ दाखवत असेल तर स्क्रीनमधल्या चालू गुणकाला १.१४ ने गुणा.

देखभालीत खरा शत्रू गाळ नाही, बार्नेकल (तळाला चिकटून वाढणारे कवचाचे समुद्री जीव) आणि जाळ्याचा धागा. नांगरून ठेवताना इंजिन वर उचललं जातं, सेन्सर मात्र पाण्यातच राहतो. उबदार पाण्यात दोन आठवड्यांत चाक जाम होतं. म्हणून वर उचलता येणारा ब्रॅकेटच घ्या, आणि तो आठवणीने उचला. नायलॉनचा तंतू धुऱ्याला गुंडाळला की चाक फिरतं, पण जड; आकडा शून्य न होता हळूहळू कमी होतो. शून्य झाला असता तर लगेच कळलं असतं. धुरा बारीक खिळ्याने ढकलून काढा, चाक जुन्या टूथब्रशने घासा. चुन्यासारखा थर असेल तर पातळ व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून ठेवा. थिनर, अ‍ॅसिटोन अजिबात नको, प्लास्टिक तडकतं. अँटीफाउलिंग रंगही (शेवाळ-बार्नेकल धरू नयेत म्हणून लावतात तो) पाण्यावर आधारितच हवा, आणि धुऱ्याच्या भोकात जाऊ देऊ नका. परत बसवताना पात्यांची दिशा बघा, उलटं बसलं तर वाचन चुकतं.

आकडा येत नसेल तर चाक बोटाने सावकाश फिरवत मल्टीमीटरने सिग्नलची वायर तपासा. चाकात चुंबक आहेत, त्यामुळे व्होल्टेज वर-खाली उडायला हवं. उडत असेल तर सेन्सर ठीक, दोष कनेक्टरमध्ये किंवा स्क्रीनमध्ये. होडी बांधलेली असताना इंजिन तापवलं आणि वेग दिसायला लागला, तर तो खोटा आकडा इंजिनच्या वायरींतून येणाऱ्या विद्युत गडबडीचा आहे.

तक्रार एकच: ब्रॅकेटची खिट्टी. सहाव्या महिन्यापासून ती सैल झाली आणि लाटेच्या धक्क्याने सेन्सर आपोआप वर उचलला जाऊ लागला. सुटी खिट्टी मागवावी लागली. चाक-धुऱ्याच्या किटबरोबर ती द्यायला हवी होती.

पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात होडी वर ओढली की सेन्सर ब्रॅकेटमधून काढून घरी न्या, चाक गोड्या पाण्यात धुऊन वाळवा. केबलचं मोकळं टोक टोपी लावून ट्रान्समच्या वर टांगून ठेवा. जमिनीवर पडलेली केबल उंदीर कुरतडतात, आणि ते नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात लोटल्यावर कळतं.