खिडकी, दिवा की पाण्याची बादली? वन आरकेत पहिली भाजी कशात लावावी

मुलुंडला भाड्याच्या वन आरकेत (एक खोली आणि स्वयंपाकघर) राहायला गेलेल्या माझ्या भाचीचा परवा रात्री फोन आला. "मावशी, मातीशिवाय पाण्यात भाजी वाढवायचं, साडेआठ हजारांचं हायड्रोपोनिक किट कार्टमध्ये टाकून ठेवलंय. घेऊ ना?" मी तिला एवढंच विचारलं, "तुझी खिडकी कुठल्या दिशेला आहे गं?" तिला सांगता आलं नाही. तिच्यासाठी म्हणून लिहायला बसले. पण गच्ची नाही, बाल्कनी बिल्डरने आधीच हॉलमध्ये घेतलेली, आणि तरी ताटात आपल्या हातचं चार पानं काहीतरी हवंय, अशी माणसं मुंबईत काही कमी नाहीत. हे त्यांच्यासाठीही आहे.

मी कुर्ल्याला नेहरूनगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंड्या, घरातल्या रॅकवर दिव्याखाली वाढवलेली भाजी आणि मातीशिवाय नुसत्या पाण्यात वाढवलेली भाजी, हे तिन्ही प्रकार मी सहा वर्षांत करून पाहिले. तिन्ही चालतात. कुणाला काय जमेल, हे मात्र वस्तूवर ठरत नाही. ते घरात येणाऱ्या उजेडावर ठरतं.

आधी उजेड मोजा

मोबाइलमध्ये लक्स (उजेडाचं माप) मोजणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या. आकडा अगदी काटेकोर येत नाही, पण अंदाजाला पुरतो. उघड्यावरच्या दुपारच्या उन्हात आकडा लाखाच्या घरात जातो. ग्रिलमध्ये, ऊन नसलं पण आकाश दिसत असलं, तर पाच ते दहा हजार. तिथून चार फूट आत सोफ्यापाशी या, तो पाचशेच्याही खाली येतो. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते, कारण डोळे जुळवून घेतात. रोपाला तशी सोय नाही. पालेभाजीला रोज बारा तास साधारण दहा हजार लक्स मिळाले तर ती धड वाढते. त्याच्या बरंच खाली गेलं की देठ लांबट, फिकट होतात आणि आठवड्याभरात माना टाकतात. "आमच्याकडे काही जगतच नाही" म्हणणाऱ्या दहा घरांपैकी आठ घरांत मी हेच पाहिलंय, आणि तिथे दोष पाण्याला किंवा हाताला दिला जात होता.

दिशेचंही बघा. पूर्वेची खिडकी नवशिक्यासाठी सगळ्यात बरी, सकाळचं कोवळं ऊन कोथिंबिरीलाही सोसतं. पश्चिमेची एप्रिल-मेमध्ये भाजून काढते. दक्षिणेच्या खिडकीत नोव्हेंबर ते जानेवारी ऊन खोलवर येतं. उत्तरेकडे सूर्य झुकतो तो मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, आणि त्यातला मोठा काळ आपल्याकडे ढगांचाच. शिवाय समोर पंचवीस मजली टॉवर उभा राहिला असेल तर दिशेला काही अर्थ उरत नाही. सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी चार, असा दोन दिवस आकडा लिहून ठेवा. बाकीचे निर्णय त्या कागदावरून होतील.

ग्रिलमधली कुंडी

तीन तास ऊन असेल तर दुसरं काही बघू नका, इथूनच सुरुवात करा. खर्च कमी, चुका स्वस्त, आणि माती बरंच काही सांभाळून घेते. खत थोडं जास्त पडलं, पाणी एक दिवस चुकलं, तरी माती मध्ये पडते. पाण्यातल्या लागवडीत असा मध्ये पडणारा कुणी नसतो.

मात्र नुसती लाल माती भरू नका. बारा इंची कुंडी ओल्या लाल मातीसकट वीस किलोच्या वर सहज जाते आणि ग्रिल गंजलेली असेल तर खालच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. मी चार भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग गांडूळखत, तीन भाग माती आणि वर मूठभर निंबोळी पेंड घेते. कोकोपीटचा साडेसहाशे ग्रॅमचा विटेएवढा ठोकळा भिजवला की आठ-नऊ लिटर होतो. तो दोनदा धुऊन, पिळून घ्यायचा, कारण नारळाच्या काथ्यात मीठ राहतं. कुंड्या सहा-आठ इंचीच घ्या, कठड्यावर न ठेवता ग्रिलच्या आत ठेवा आणि तारेने बांधा. खाली बशी ठेवा, नाहीतर खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल पाणी टपकतं आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव निघतं. पावसाळ्यात त्या बशा आठवड्यातून दोनदा ओतायच्या. डेंगीचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा पूर्ण डास होतो. महापालिकेची माणसं घरोघरी कुंड्यांखालचं पाणी तपासतात, ते उगाच नाही.

लावायचं काय? पुदिना, गवती चहा, पानओवा, लाल माठ, अळू. यांतलं कुठलंच रोप फार मिजास करत नाही. कोथिंबिरीचा मोह सगळ्यांना होतो. धणे चेपून दोन फाकी करून, रात्रभर भिजवून पेरा. आठ-दहा दिवसांत कोंब वर येतो. मात्र हे ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. मे महिन्यात ती चार पानं काढून सरळ फुलावर जाते. मिरची आणि टोमॅटोला पाच-सहा तास उघडं ऊन लागतं. तेवढं नसेल तर पानं भरपूर येतील, फळ येणार नाही.

कीड येणार, हेही मनाशी धरा. पावसाळ्याआधी पिठ्या ढेकूण, थंडीत मावा. लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, आणि फवारा पानाच्या खालच्या बाजूला, ऊन उतरल्यावर. आठवड्याने परत.

रॅक आणि दिवा

खिडकीतला आकडा दोन-तीन हजारांच्या पुढे जात नसेल तर मग दिवा. इथे बाजारात सगळ्यात जास्त फसगत होते. जांभळा उजेड देणारे, खोक्यावर "१००० वॉट" छापलेले दिवे मिळतात. प्रत्यक्षात ते किती वीज ओढतात हे बारीक अक्षरात असतं आणि तो आकडा फार लहान निघतो. शिवाय वन आरकेत तुम्ही त्याच खोलीत जेवता, झोपता. जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे ते कळत नाही आणि डोळे शिणतात ते वेगळंच.

पालेभाजीला आपली नेहमीची पांढरी एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबलाइटसारखी पट्टी, पुरते. चार फुटी, वीस वॉटची, दोन हजार ल्यूमेनच्या (दिवा एकूण किती उजेड देतो त्याचं माप) आसपासची, ६५०० केल्विन, म्हणजे थंड पांढऱ्या रंगाची. चार फूट बाय एक फुटाच्या फळीवर तीन बॅटन, रोपांच्या टोकांपासून वीतभर उंचीवर. दोन लावल्या तर पुदिना आणि कोवळी मेथी होते, पालकाला कमी पडतं. वरून पांढरा कागद किंवा थर्मोकोल तिरपा लावला तर वाया जाणारा उजेड परत रोपावर पडतो. तीन बॅटन म्हणजे साठ वॉट. रोज बारा तास लावल्या तर पाऊण युनिटाच्या जरा खाली, महिन्याला साधारण बावीस युनिट. आपल्या बिलावरच्या दराने गुणा आणि मग ठरवा.

तास किती, यावर थोडं थांबायला हवं. घरातल्या लागवडीची माहिती शोधली की समोर येणारं बरंचसं लिखाण गांजाच्या रोपांसाठी केलेलं असतं. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार रोपांना आणि जर्मनीत २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन रोपांना परवानगी आहे, त्यामुळे तिकडचे लोक त्यावर उघडपणे लिहितात. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने गांजाचं झाड लावणं हाच गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, आणि एकच कुंडी होती, घरच्यापुरतं होतं, म्हणून सुटका होत नाही. कॉलेजातली मुलं कुतूहलाने विचारतात म्हणून मी हे स्पष्ट सांगते: त्या वाटेला जाऊ नका.

पण त्या लिखाणाचा दुसराही तोटा आहे. त्यातला तंबू, कोळशाचा फिल्टर, शेकडो वॉटचा दिवा आणि "अठरा तास उजेड" हे त्या झाडाच्या गरजेचं आहे. आपण ते जसंच्या तसं कोथिंबिरीला लावतो. कोथिंबीर दिवस मोठा झाला की फुलावर येणारं रोप आहे. तिला अठरा तास दिवा दिलात तर तुम्ही बिल भरून तिला लवकर म्हातारी करता. बारा तास पुरे. प्लगला लावायचा टायमर घ्या, तो विसरत नाही.

रॅकवर माझं सगळ्यात लाडकं पीक समुद्र मेथी. मुंबईच्या किनाऱ्यालगत वाळूत होणारी, मुळासकट छोट्या जुड्या बांधून मिळणारी, पांढऱ्या देठाची. घरी ट्रेमध्ये दोन इंच धुतलेली वाळू, त्यावर रात्रभर भिजवलेले मेथीदाणे दाट पसरायचे. दोन आठवड्यांत बोट-दीड बोट उंचीची मेथी उपटून घ्या. कोवळीच काढायची असल्याने तिला उजेड कमी लागतो, खत लागत नाही, आणि पहिल्याच महिन्यात दोनदा भाजी होते. नवशिक्याला हुरूप येण्यासाठी याहून चांगलं मला काही माहीत नाही.

पाण्यातली लागवड

भाचीच्या किटमध्ये पंप होता. पंपाचा घरघर आवाज, वीज गेली की मुळं कोरडी, आणि महिन्याकाठी पाइप धुणं. पंपाशिवायची एक पद्धत आहे, हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी मांडलेली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी. झाकणाची बादली, झाकणाला भोक, त्यात जाळीची छोटी कुंडी, खाली खत मिसळलेलं पाणी. रोप पाणी पीत जातं, पातळी उतरते, वरची मुळं हवेत उघडी राहतात आणि श्वास घेतात.

माझी पहिली चूक इथेच झाली. पाणी अर्धं झालेलं पाहून मी मायेने बादली पुन्हा काठोकाठ भरली. हवेवर वाढलेली मुळं बुडाली आणि चार दिवसांत सहाच्या सहा रोपं गेली. भरायचंच असेल तर थोडंसं, तळाशी.

पालिकेचं पाणी तलावांचं, मऊ, या कामाला उत्तम. रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, बघा. क्षार आधीच जास्त असतील तर खताला जागा उरत नाही. पालेभाजीला ईसी (पाण्यात खत किती मिसळलंय याचं माप) १.२ ते १.६ आणि पीएच (आम्लतेचं माप) साडेपाच ते साडेसहा ठेवायचा. म्हणजे हे मोजणारे दोन मीटर विकत घ्यावे लागतात आणि दर आठवड्याला बघावं लागतं. ज्याला असं मोजमाप आवडतं त्याला यात फार आनंद मिळतो. ज्याला आवडत नाही तो दुसऱ्या महिन्यात बादली परत आंघोळीला घेतो.

मुंबईत या पद्धतीचा खरा शत्रू उष्मा. पाणी कोमट झालं की त्यात प्राणवायू कमी राहतो आणि मुळं तपकिरी, बुळबुळीत होऊन कुजतात. एप्रिल-मेमध्ये मी पाण्यात काही लावत नाही. लेट्यूस तर डिसेंबर-जानेवारी सोडून नकोच, ते कडवट होतं. बादली गडद रंगाची हवी, आत उजेड गेला की शेवाळ धरतं. झाकण आणि भोकं घट्ट बंद हवीत, कारण डासांचं मघाशी सांगितलं तेच.

गणपतीला गावी गेल्यावर

हा प्रश्न तुलना करताना कुणी विचारत नाही आणि तिथेच निम्म्या बागा संपतात. आम्ही दरवर्षी दहा दिवस सावंतवाडीला असतो. त्या दहा दिवसांत पाण्यातली बादली निवांत असते, कुणाची गरज नाही. दिव्याखालच्या कुंड्यांना मी सुती वात लावते, जुन्या ओढणीची पट्टी, एक टोक मातीत, एक पाण्याच्या बाटलीत. सहा-सात दिवस निघतात. ग्रिलमधल्या कुंड्या पावसावर, पण वर पत्रा असेल तर पाऊस पोहोचत नाही. मग शेजारच्या काकूंना चावी. फिरतीची नोकरी असेल तर हा मुद्दा उजेडाच्या खालोखाल धरा.

खर्चाचं थोडक्यात. मला ग्रिलमधल्या पाच कुंड्या मिश्रण-बियाण्यासकट आठशे रुपयांत पडल्या. घरातलाच रॅक वापरून तीन बॅटन, टायमर आणि ट्रे मिळून दीड हजारांच्या आसपास, वर दरमहा वीज. दोन बादल्या, जाळीच्या कुंड्या, खत आणि दोन मीटर धरून पंधराशे ते अठराशे. कुठलाच मार्ग भाजीवाल्याची जुडी स्वस्तात पाडत नाही, लेट्यूस आणि बेसिल सोडले तर. पैसे वाचवायला म्हणून यात पडू नका.

भाचीने दोन दिवस आकडे लिहून पाठवले. खिडकी पूर्वेची, सकाळी अडीच तास ऊन, मग सहा हजार, चारनंतर दोन हजार. म्हणजे काठावरची खिडकी. नोकरी ठाण्याला, घरी यायला रात्रीचे आठ. मी तिला ग्रिलमध्ये पुदिना, माठ आणि पानओवा, आणि आत ओट्याच्या कपाटाखाली दोन छोट्या बॅटनखाली समुद्र मेथीचा एक ट्रे, एवढंच सांगितलं. पाण्याचा प्रयोग नोव्हेंबरात, तेव्हा माझ्याकडची एक बादली तिला देणार आहे. उत्तरेची किंवा डक्टमधली खिडकी असती तर पहिल्या दिवसापासून रॅक सांगितला असता.

किट तिने कार्टमधून काढलं. येताना स्टेशनबाहेरून दहा रुपयांची पुदिन्याची जुडी घेतली, पानं चटणीला वापरली आणि जाड देठ काचेच्या पेल्यात ठेवले. सहाव्या दिवशी सकाळी फोटो आला: पेल्यात पांढऱ्या, केसासारख्या मुळ्या. खाली लिहिलं होतं, "मावशी, आता मातीत लावू की थांबू?" दोन बोटं लांब होऊ देत, मग लाव.