आस्वादची मिसळ आणि कोपऱ्यावरची गाडी

दादरला गोखले रोडवरच्या ‘आस्वाद’ची मिसळ मला आवडते. २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत तिला जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं, तेव्हा आम्ही दादरकर उगाच मिरवलो होतो. रस्सा जाळ नाही, मटकी शिजलेली पण अख्खी. नाव ठेवायला जागा नाही. पण रविवारी बाहेर गर्दी दिसली, की मी मुकाट्याने दुसरीकडे वळते. जीव काही तुटत नाही.

आमच्या कोपऱ्यावरच्या वड्याच्या गाडीचं तसं नाही. गाडीवाला मामा सुट्ट्या पैशांवरून खेकसतो. पाव कधीकधी कालचा. पावसात ताडपत्रीचं पाणी नेमकं मानेवर. वडा मात्र घाण्यातून निघताच खावा: बेसन पातळ, आत ठेचलेलं आलं-लसूण, मध्येच दाताखाली कढीपत्ता. चुरा मिळणं मामाच्या मर्जीवर. ‘तेलाचा रंग बघ जरा,’ सासूबाई म्हणतात. बघितलाय. तरी मामा गावी गेला की संध्याकाळ बेचव होते, आणि दुसऱ्या गाडीवर खाताना कुणी ओळखीचं बघत नाही ना, अशी धाकधूक. (नवऱ्याच्या बाबतीत माझं असं होतं का, ते विचारू नका.)

मिसळीला पाचपैकी साडेचार. गाडीला तीन, त्यातला एक सुक्या लाल चटणीचा. पाहुण्यांना आस्वादला नेते. गाडीवर एकटीच जाते. तुम्ही गेलात तर मिरची आधीच मागून घ्या, नंतर संपते.