चुका नाहीत, वेग नाही : सांगलीतील एका बालविकास केंद्राचा अनुभव

आम्ही मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीचे. यजमानांची नोकरी रेल्वेत असल्याने तीन वर्षांपूर्वी मिरजेला बदली झाली आणि मुलाचे नाव सांगलीतील एका मराठी शाळेत चौथीला घातले. तो सिकलसेलग्रस्त आहे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा जन्मजात आजार त्याला आहे; आमच्याकडच्या भाषेत 'डबल एस'. ब्रह्मपुरीत एवढे म्हटले की शाळेतल्या शिपायालाही पुढचे कळते. सांगलीत मात्र वर्गशिक्षिकेपासून औषधाच्या दुकानदारापर्यंत प्रत्येकाला 'अ'पासून सांगावे लागले, आणि सगळे सांगून झाल्यावरही समोरून "रक्त कमी आहे ना, मग बीट आणि खजूर द्या" असा सल्ला मिळतच राहिला. अशा जिल्ह्यात सिकलसेलच्या मुलांची स्मरणशक्ती, लक्ष आणि कामाचा वेग तपासून पुढे शाळेशीही बोलणारी सेवा विश्रामबाग भागात आहे हे कळले, तेव्हा खरे तर आश्चर्यच वाटले. ती सेवा आम्ही घेतली. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहिल्या आहेत आणि नावावरून मुलाची शाळा ओळखू येईल.

तपासणीची वेळ का आली ते आधी सांगते. गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या आमच्या डॉक्टरांनी मुलाचा मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. त्यात मेंदूच्या पुढच्या भागात एक बारीक ठिपका दिसला, म्हणजे प्राणवायू न पोहोचल्याने झालेली इजा. हातापायांत कमजोरी नाही, बोलणे स्वच्छ, चालणे नीट. बाहेरून काहीही दिसत नाही, म्हणूनच याला मूक आघात म्हणतात. विळ्यासारख्या झालेल्या तांबड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, शिवाय हिमोग्लोबिन कायमच कमी असल्याने मेंदूला प्राणवायूचा तुटवडा राहतो, आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या हद्दीवरच्या भागाला त्याची झळ आधी लागते. परदेशातल्या अभ्यासांत 'डबल एस' प्रकारच्या १०० मुलांपैकी सुमारे ३९ मुलांमध्ये वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत असे आघात आढळले आहेत. ते आकडे मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या मुलांचे असल्याने आपल्या मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे डॉक्टरांनी स्वतःच सांगितले. पण अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजी या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या सूचनांत शाळकरी वयात निदान एकदा एमआरआय करावा आणि शिकण्यातल्या, वाढीतल्या अडचणींची नियमित चौकशी व्हावी असे म्हटले आहे, तेव्हा स्मरणशक्ती आणि लक्षाची चाचणी टाळू नका, असा त्यांचा आग्रह होता.

इकडे शाळेच्या डायरीत दोन वर्षे एकच शेरा फिरत होता : 'फळ्यावरचे उतरवून घेत नाही. लक्ष नाही.' पाचवीत मी त्याला त्यावरून रागावतही होते, हे लिहिताना आज बरे वाटत नाही.

केंद्राची पहिली जमेची बाजू नोंदणीच्या फोनवरच कळली. फोनवरच्या बाईंनी तारीख देण्याआधी तीन गोष्टी विचारल्या : गेल्या तीन आठवड्यांत क्रायसिस, म्हणजे अंगात तीव्र कळांचा झटका, आला होता का, अलीकडचे हिमोग्लोबिन किती, आणि डोक्याची डॉप्लर तपासणी केव्हा झाली. कळा नुकत्याच येऊन गेलेल्या, रात्र-रात्र न झोपलेल्या किंवा वेदनाशामकाच्या गुंगीत असलेल्या मुलाची परीक्षा घेतली, तर गुण त्या आठवड्याच्या थकव्याचे येतात, मुलाचे नाही. डॉप्लरचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा होता. कानशिलावर यंत्र ठेवून मेंदूच्या मुख्य वाहिन्यांतल्या रक्ताचा सरासरी वेग मोजतात. तो सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक निघाला तर पक्षाघाताचा धोका मोठा समजून नियमित रक्त देण्याचा निर्णय घ्यावा लागतो, आणि अशा मुलांमध्ये त्यामुळे पक्षाघात फार मोठ्या प्रमाणात टळतो हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीने दाखवून दिले आहे. २ ते १६ या वयात ही तपासणी दरवर्षी व्हायला हवी. आमची दीड वर्षापूर्वीची होती. "आधी ती करून घ्या, मग आपण बुद्धीचे बघू," असे बाईंनी स्पष्ट सांगितले. स्वतःच्या सेवेचे पैसे पुढे ढकलून आधी दुसरी तपासणी करायला लावणारे माणूस मला विश्वासाचे वाटते. डॉप्लर मिरजेत झाली, वेग १७० च्या आत निघाला आणि मगच आम्हाला तारीख मिळाली.

चाचणी दोन सकाळी, प्रत्येकी सुमारे दीड तास चालली. मुख्य साधन नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली बुद्धिमापन चाचणी होती, आणि काही भागांसाठी बिने-कामत ही दुसरी बुद्धिमापन चाचणी. कामतांनी धारवाडला ती कन्नड आणि मराठी मुलांसाठी तयार केली, म्हणजे सांगलीच्या मुलाला ती तशी घरचीच. दोन्ही साधने जुनी आहेत आणि त्यांचे मानदंडही जुन्या पिढीतल्या मुलांवरून ठरलेले आहेत. म्हणून एकूण आकड्यापेक्षा कोणत्या भागात मूल पुढे आणि कोणत्या भागात मागे हेच पाहावे, असे मानसशास्त्रज्ञ बाईंनी सुरुवातीलाच सांगितले.

पहिले दहा मिनिटे नुसत्या गप्पा झाल्या. भाजीवर शेवटी काय घालतात, असे विचारल्यावर मुलगा म्हणाला, "सांबार." बाई सांगलीच्या, त्यांच्या डोळ्यांसमोर इडलीबरोबरची वाटी आली असणार. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले, मग थांबून माझ्याकडे पाहिले, आणि विदर्भात कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात हे मी सांगितल्यावर लिहिलेले खोडले. पुढे शब्दार्थाच्या भागात ओळखीचे नसलेले उत्तर आले की त्या "म्हणजे कसं, जरा सांग" असे पुन्हा विचारत राहिल्या. बदलीवर फिरणाऱ्यांच्या, ऊसतोडीला येणाऱ्यांच्या किंवा घरी वेगळीच बोली असलेल्यांच्या मुलांसाठी एवढे एक भान नसेल, तर भाषेतला फरक बुद्धीतला फरक म्हणून कागदावर उतरायला वेळ लागत नाही.

मी काचेपलीकडून पाहत होते. आकडे ऐकून त्याच क्रमाने म्हणायचे, तेव्हा तो सहापर्यंत सहज गेला. तेच उलट क्रमाने म्हणायचे म्हटल्यावर तिनावर ठीक होता. चौथा आकडा आला की तो बोटांकडे पाहायचा, जणू काही आकडे तिथे ठेवले होते आणि कोणीतरी उचलून नेले. त्यानंतर चिन्हे पाहून त्यांच्या खाली ठरलेल्या खुणा भरायचे, घड्याळ लावून करायचे काम होते. वेळ संपली तेव्हा त्याच्या निम्म्या ओळी कोऱ्या होत्या, आणि भरलेल्या ओळींत एकही चूक नव्हती. बाईंनी तो कागद मला दाखवला आणि म्हणाल्या, "ताई, हे नीट बघून ठेवा. चुका नाहीत, वेग नाही." दोन वर्षांच्या डायरीतल्या शेऱ्यांचे उत्तर त्या एका कागदावर होते. फळ्यावरचे वाक्य वाचायचे, डोक्यात धरायचे, मान खाली घालून लिहायचे, पुन्हा फळ्यावरची जागा शोधायची. हे जितक्या वेगाने वर्गात चालते तितक्या वेगाने त्याला जमत नाही, एवढाच त्याचा अर्थ. समज, शब्दसंग्रह आणि तर्क या भागांत तो वयाच्या बरोबरीने, काही ठिकाणी पुढेच होता.

आता तक्रारी. पहिली थंडीची. चाचणीच्या खोलीत वातानुकूलन इतके जोरात होते की मला शाल घ्यावी लागली. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि कळा सुरू होऊ शकतात, हे या सेवेच्या माहितीपत्रकातच छापलेले आहे. सांगितल्यावर यंत्र बंद केले, दुसऱ्या दिवशी पुन्हा चालूच होते. दुसरी तक्रार अहवालाची. दोन आठवड्यांचे आश्वासन असताना तो पाचव्या आठवड्यात हाती आला, अकरा पाने, पूर्ण इंग्रजीत, आणि एका जागी सिकलसेलऐवजी 'थॅलेसेमिया' हा दुसराच रक्ताचा आजार छापलेला. कोणत्या तरी जुन्या अहवालावरून मजकूर उचलला असणार. चूक दाखवल्यावर त्यांनी दुरुस्त प्रत दिली, पण दिलगिरीचा शब्द काही आला नाही.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी, कारण त्याचसाठी आम्ही गेलो होतो. 'शाळा-साहाय्य' या नावाखाली आम्हाला प्रत्यक्षात मिळाला तो मुख्याध्यापकांना केलेला एक फोन. मुख्याध्यापकांनी अहवाल मागवला, पहिल्या पानावरचा एकूण गुणांक पाहिला आणि "सरासरीच आहे की, मग अडचण काय?" असे विचारले. त्यांचा तरी काय दोष? बोलण्यातले चांगले गुण आणि वेगातले कमी गुण एकत्र करून काढलेली सरासरी दोन्ही गोष्टी झाकते. मी केंद्रात परत गेले आणि दोन मागण्या केल्या : शाळेच्या प्रतीतून तो एकूण आकडा काढा, आणि शिक्षकांसाठी मराठीत एक पान लिहून द्या. पहिल्या मागणीवर थोडी वादावादी झाली. दुसरी मात्र केंद्रातल्या विशेष शिक्षिकेने मनावर घेतली आणि पुढच्या सोमवारी त्या स्वतः शाळेत आल्या.

ते पान मी जपून ठेवले आहे. त्यात मेंदूविषयी दोनच वाक्ये आहेत. बाकी सगळे वर्गातले आहे. फळ्यावरचे पूर्ण उतरवून घेण्याची सक्ती नको, तासाच्या शेवटी फळ्याचा फोटो किंवा शेजारच्या मुलाच्या वहीची झेरॉक्स चालेल. सूचना एका वेळी एकच द्यावी. गणिताची पाच उदाहरणे बरोबर सोडवली तर दहा सोडवल्यासारखी धरावीत. घटक चाचणीला जादा वेळ द्यावा. पाण्याची बाटली बाकावर असू द्यावी आणि लघवीला जाताना परवानगीसाठी उभे करू नये, कारण या आजारात मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही. मूल पाणीही जास्त पिते आणि जातेही जास्त. परिपाठाला उन्हात उभे करू नये, हिवाळ्यात गणवेशावर कोणताही स्वेटर चालावा. डोळे पिवळे दिसले म्हणून कावीळ समजून घरी पाठवू नये. पण ताप, छातीत दुखणे, अचानक तोंड वाकडे होणे किंवा हातातली वस्तू गळून पडणे यांपैकी काहीही झाले तर पालकांची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. शेवटचे वाक्य विशेष शिक्षिकेने लाल शाईने अधोरेखित केले होते.

या सवलती शाळेच्या मर्जीवर नाहीत, हेही त्या भेटीत बोलले गेले ते बरे झाले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत सिकलसेलचा समावेश आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा बदलांचा उल्लेख आहे. मात्र बोर्डाच्या परीक्षेच्या सवलतींसाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते आणि केंद्राचा अहवाल त्याची जागा घेत नाही. हे आम्हाला केंद्राने पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. ते कळले विशेष शिक्षिकेकडून, सातव्या आठवड्यात. २०२३ साली देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, रक्ततपासणीची शिबिरे होतात, तपासणीच्या निकालाची कार्डे मिळतात. वर्गात बसलेल्या मुलाच्या वहीकडे मात्र अजून कोणाचे लक्ष गेलेले नाही, म्हणून अशा केंद्राची गरज मला तरी खरी वाटते.

खर्च साडेचार हजार रुपये आला. डॉप्लर त्यात नाही. दोन सकाळच्या कामासाठी ही रक्कम मला जास्त वाटत नाही. शाळेतील भेट मागून घ्यावी लागली आणि तिचे वेगळे सातशे रुपये पडले, ते मात्र खटकले, कारण ती भेटच खरी सेवा आहे. मिरजेहून एसटीने येणे सोयीचे आहे आणि सिकलसेलच्या रुग्णाला एसटीच्या भाड्यात सवलत आहे. कागद जवळ ठेवावेत. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण सकाळी दहाच्या आधी बंद असते. आमच्या मुलाला जिने चढून धाप लागली आणि पहिली पंधरा मिनिटे त्याला श्वास सावरण्यातच गेली, तेव्हा वेळ साडेदहाचीच मागावी. दुपारची, शाळा सुटल्यानंतरची वेळ देऊ केली तर घेऊ नये.

ज्यांच्या मुलाला सिकलसेल आहे आणि शाळेतून 'आळशी', 'लक्ष नाही' असे शेरे येतात, त्यांनी येथे जावे असे मी म्हणेन; चाचणी घेणाऱ्या बाई आणि विशेष शिक्षिका या दोघींसाठी पाचपैकी पाच, कार्यालयासाठी दोन. अहवाल मराठीत मिळेल का आणि शाळेतील भेट शुल्कात धरली आहे का, हे पैसे भरण्याआधी लिहून घ्यावे. प्रथम सत्राच्या परीक्षेत मुलाला जादा वेळ मिळाला. भूगोलाचा पेपर त्याने पहिल्यांदाच शेवटच्या प्रश्नापर्यंत सोडवला; नकाशा रंगवायचा तेवढा राहिला. पुढची चाचणी आठवीत आल्यावर, दिवाळीनंतर करायची ठरली आहे, आणि स्वेटर आम्ही घरूनच घेऊन जाणार आहोत.